आर्जेंटिनातले स्कॉटिश: दोनशे वर्षे राहूनही 'इंग्रज' म्हणवले गेलेले लोक

१८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना चालू असताना आर्जेंटिनाच्या दुसऱ्या गोलासाठी डी मारियाला शेवटचा पास देणाऱ्या खेळाडूचे आडनाव मॅक अ‍ॅलिस्टर होते. मेस्सी, मार्टिनेझ, फर्नांडिस, अल्वारेझ या नावांच्या रांगेत हे नाव पाहून आपल्याकडच्या अनेक प्रेक्षकांना प्रश्न पडला असणार, की हा गोरा, लालसर केसांचा आणि बिनस्पॅनिश आडनावाचा माणूस आर्जेंटिनाच्या संघात कसा आला. तो बाहेरून आणलेला खेळाडू मुळीच नाही. तो पंपाच्या गवताळ प्रदेशातल्या सांता रोसा गावात जन्मला आणि त्याचे वडीलही आर्जेंटिनाकडून खेळले होते.

त्याच्या आडनावामागे स्थलांतराचा दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. १८२५ पासून स्कॉटलंडमधले शेतकरी, गवंडी, मेंढपाळ आणि मास्तर आर्जेंटिनात येऊन स्थायिक झाले, आणि त्यांच्या वंशजांना ढोबळपणे 'स्कॉटिश आर्जेंटिनी' म्हणतात. ब्रिटिश साम्राज्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गव्हर्नर आणि कलेक्टर येतात. इथे मात्र तेच लोक दुसऱ्याच्या राज्यात पोट भरायला गेलेले दिसतात आणि त्यामुळे त्यांची गोष्ट वेगळ्या वळणाने जाते.

आडनावावरून वंश कळतो का?

आधी एक सावधगिरी. मॅक अ‍ॅलिस्टर हे आडनाव मुळात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कुळाचे आहे, पण या खेळाडूचे कुटुंब आपले मूळ आयर्लंडमध्ये सांगते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधला समुद्र सर्वांत अरुंद जागी जेमतेम वीस किलोमीटरचा आहे आणि शतकानुशतके माणसे तो ओलांडत आली आहेत. 'मॅक' म्हणजे 'चा मुलगा'. हा शब्द गेलिक भाषेतला असून ती भाषा दोन्हीकडे बोलली जात असे. अ‍ॅलिस्टर हे अलेक्झांडर या नावाचे गेलिक रूप असल्याने आडनावाचा अर्थ 'अलेक्झांडरचा मुलगा' असा होतो, आणि त्याचे पहिले नाव अ‍ॅलेक्सिस, तेही त्याच ग्रीक मुळातून आलेले आहे. म्हणजे या गृहस्थांचे नाव आणि आडनाव अर्थाने जवळजवळ एकच आहे.

आपल्याकडे 'कर' लागलेल्या आडनावावरून मूळ गाव कळते, पण आजोबा त्या गावातून कधी आणि का निघाले हे कळत नाही. इथेही तसेच आहे. आर्जेंटिनी नौदलाचा संस्थापक मानला जाणारा अ‍ॅडमिरल विल्यम ब्राऊन आयरिश होता, तर पुढे ज्याचा उल्लेख येणार आहे तो फुटबॉलपटू होर्हे ब्राऊन स्कॉटिश वंशाचा होता. आडनाव एकच, घराणी वेगळी.

स्कॉटिश म्हणजे शेवटी इंग्रजच ना?

नाही, आणि हा गोंधळ आर्जेंटिनातही कायम आहे. स्कॉटलंड १७०७ पर्यंत स्वतंत्र राज्य होते. त्या वर्षी त्याची संसद इंग्लंडच्या संसदेत विलीन झाली, पण स्कॉटलंडचे कायदे, न्यायालये आणि चर्च वेगळेच राहिले. हे चर्च प्रेस्बिटेरियन आहे, म्हणजे त्यात बिशप नसतात आणि मंडळीतून निवडलेली वडीलधारी माणसे पाद्र्यासोबत कारभार पाहतात. परदेशात पोहोचलेल्या स्कॉटिश माणसाने घर बांधले की लगेच तो आपले वेगळे चर्च आणि त्याला जोडून शाळा उभी करू लागतो, त्याचे कारण या चर्चच्या घडणीत आहे.

स्पॅनिश बोलणाऱ्या आर्जेंटिनी माणसाला या बारकाव्यांशी कर्तव्य नव्हते. बोटीतून उतरून इंग्रजीसारखे काहीतरी बोलणारा प्रत्येक जण त्याच्या लेखी 'इंग्लेस', म्हणजे इंग्रज होता. महाराष्ट्रात एके काळी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळी अशा सगळ्यांना सरसकट 'मद्रासी' म्हणत, तसाच हा प्रकार. त्यामुळे जुन्या नोंदींमध्ये स्कॉटिश माणूस शोधायचा तर आधी तो 'इंग्रज' या सदराखालून उपसून काढावा लागतो.

मग आर्जेंटिनावर ब्रिटिशांचे राज्य होते का?

कधीच नव्हते, प्रयत्न मात्र झाला होता. आर्जेंटिना तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. १८०६ मध्ये ब्रिटिश फौजेने ब्युनोस आयर्स जिंकले आणि दीड-दोन महिन्यांतच शहरातल्या लोकांनी ते परत घेतले. शरण आलेल्या त्या फौजेचा मुख्य भाग होता ७१ वी हायलँड पलटण, म्हणजे खास स्कॉटिश पलटण. तीच पलटण काही वर्षांपूर्वी श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत टिपूविरुद्ध लढली होती. तिची जिंकून घेतलेली निशाणे ब्युनोस आयर्सच्या सांतो डोमिंगो चर्चमध्ये ठेवलेली आहेत. म्हणजे या शहराची स्कॉटिश लोकांशी पहिली मोठी ओळख युद्धकैदी म्हणून झाली.

पुढे आर्जेंटिनाने १८१६ मध्ये स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केले आणि फेब्रुवारी १८२५ मध्ये ब्रिटनशी मैत्री व व्यापाराचा करार केला. या करारातले एक कलम आपल्या विषयाच्या मुळाशी आहे: ब्रिटिश प्रजाजनांना कॅथलिक आर्जेंटिनात आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक मिळाली. ही हमी नसती, तर प्रेस्बिटेरियन कुटुंबे बायकामुलांसह तिकडे जायला धजावली असती असे वाटत नाही.

मुंबईशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. काळा घोड्याजवळचे सेंट अँड्र्यूज चर्च १८१९ चे. त्याच वर्षी गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश, त्याच्यानंतरचा जॉन माल्कम स्कॉटिश आणि साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफही स्कॉटिशच. डॉ. जॉन विल्सन यांच्यासारखे काही मिशनरी इथेच राहिले आणि इथेच वारले, पण बहुतेक जण हुकूम गाजवून, निवृत्त होऊन मायदेशी गेले. ब्युनोस आयर्सला गेलेल्याच्या हाती कसलाही हुकूम नव्हता आणि परतीचे भाडेही बहुधा नव्हते. त्याला तिथल्या सरकारशी, तिथल्या भाषेशी आणि शेजाऱ्यांशी जुळवून घ्यावेच लागले.

'सिमेट्री' जहाज आणि फसलेली योजना

जॉन आणि विल्यम पॅरिश रॉबर्टसन हे दोघे स्कॉटिश बंधू ब्युनोस आयर्समध्ये व्यापार करून गबर झाले होते. १८२४-२५ च्या सुमारास लंडनच्या बाजाराला दक्षिण अमेरिकेचे वेड लागले होते, नव्या देशांच्या कर्जरोख्यांवर उड्या पडत होत्या, आणि ब्युनोस आयर्सच्या सरकारला युरोपातले कष्टाळू शेतकरी हवे होते. रॉबर्टसन बंधूंनी स्कॉटिश शेतकऱ्यांची एक वसाहतच तिकडे वसवायची असे ठरवले. सरकारी जमीन मिळण्याचे घोंगडे भिजत पडले, तेव्हा त्यांनी शहराच्या दक्षिणेला मोंते ग्रांदे इथे सुमारे १६ हजार एकर जमीन स्वतःच्या पैशाने विकत घेतली.

मे १८२५ मध्ये एडिनबराजवळच्या लीथ बंदरातून 'सिमेट्री' नावाचे जहाज सुमारे २२० माणसे घेऊन निघाले आणि ऑगस्टमध्ये ब्युनोस आयर्सला पोहोचले. जहाजावर कोण होते हे पाहिले, की योजनेमागचे डोके कळते: शेतकरी आणि त्यांचे गडी तर होतेच, पण सुतार, गवंडी, लोहार, भूमापक, डॉक्टर, वास्तुविशारद आणि एक माळीसुद्धा होता. थोडक्यात, आपल्या भाषेत सांगायचे तर बारा बलुतेदारांसह सबंध गावच उचलून समुद्रापार नेले होते.

त्या माळ्याविषयी दोन वाक्ये जास्त लिहिण्याचा मोह आवरत नाही. जॉन ट्वीडी पूर्वी एडिनबराच्या शाही वनस्पतिउद्यानात काम करत असे आणि पन्नाशीच्या घरात त्याने देश सोडला. मोंते ग्रांदेत झाडे लावता लावता तो पंपात भटकून बियाणे गोळा करू लागला आणि ते मायदेशी पाठवू लागला. १८३१ मध्ये त्याने ग्लासगोला पाठवलेल्या बियाण्यात एक जांभळे रानफूल होते. त्याचा एका पांढऱ्या जातीशी संकर होऊन आजचा बागेतला पेटुनिया तयार झाला. पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर हिवाळ्यात ज्या कुंड्या पेटुनियाने भरून जातात, त्यांच्या कुळात हे फूल आहे.

वसाहतीची सुरुवात चांगली झाली. घरे उभी राहिली, शेते नांगरली गेली, गाईंचे दूध काढून लोणी शहरात विकायला जाऊ लागले. पण ब्युनोस आयर्स आणि ब्राझील यांच्यात १८२५ अखेर युद्ध पेटले, ब्राझीलच्या आरमाराने शहरासमोरच्या प्लाता नदीचे मुख रोखून धरले, व्यापार बसला आणि कागदी पेसोची किंमत घसरत गेली. तिकडे लंडनचा फुगाही डिसेंबर १८२५ मध्ये फुटला होता. रॉबर्टसन बंधूंचा पैसा व्यापारातून येत असल्याने त्यांचे कंबरडेच मोडले. १८२८ मध्ये बाहेरचे युद्ध संपले, तर लगेच घरातले सुरू झाले, आणि १८२९ मध्ये भांडणाऱ्या फौजा ब्युनोस आयर्सच्या परिसरात धुमाकूळ घालू लागल्यावर वसाहतीतले लोक घरे सोडून पळाले. गृहप्रकल्पाचा बिल्डर बुडाला आणि त्याच वेळी शहरात दंगल पेटली, तर सदनिकाधारकांचे जे होईल तेच त्यांचे झाले.

योजना बुडाली, मग माणसे कशी टिकली?

माझ्या मते वसाहत मोडली म्हणूनच माणसे टिकली. मोंते ग्रांदे जोरात चालले असते, तर कदाचित एकाच खेड्यात कोंडलेला, आपापसात लग्ने करणारा एक समूह उरला असता. त्याऐवजी हाती कसब असलेली काहीशे माणसे शहरात, चास्कोमुसच्या तळ्यांभोवती, किल्मेसमध्ये आणि पंपात विखुरली आणि देशाच्या अर्थव्यवस्थेत शिरली.

या अर्थव्यवस्थेचा कणा गुरे आणि मेंढ्या. कान्युएलासजवळ 'ला कॅलेदोनिया' नावाची एक एस्तान्सिया होती. एस्तान्सिया म्हणजे शेकडो-हजारो एकरांचे पशुपालनाचे वतन, आणि कॅलेदोनिया हे स्कॉटलंडचे जुने नाव. तिचा मालक जॉन मिलर याने शॉर्टहॉर्न जातीचा 'तार्किनो' नावाचा वळू ब्रिटनहून आणवला. त्याची संतती इतकी गाजली, की संकरित गुरांना लोक 'तार्किनो'च म्हणू लागले. याच परिसराशी आर्जेंटिनाच्या लाडक्या 'दुल्से दे लेचे'ची, म्हणजे दूध-साखर तपकिरी होईपर्यंत आटवून केलेल्या गोडाची दंतकथाही जोडलेली आहे. चुलीवरचे दूध विसरले आणि ते आटून असे झाले, असे म्हणतात. दूध आटवणाऱ्या प्रत्येक देशात अशी एक विसराळू मोलकरीण असतेच, तेव्हा ही कथा बासुंदीइतकीच गोड मानून पुढे जाऊ.

विखुरलेल्यांना धरून ठेवण्याचे काम चर्च आणि शाळेने केले. पाद्री विल्यम ब्राऊन यांनी १८२९ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये प्रेस्बिटेरियन उपासना सुरू केली. त्याच वर्षी जॉन विल्सन मुंबईत उतरले होते. १८३८ मध्ये सेंट अँड्र्यूज स्कॉट्स स्कूल निघाले, म्हणजे मुंबईच्या बॉम्बे स्कॉटिशच्या नऊ वर्षे आधी, आणि ते आजही नावाजलेले आहे. बेलग्रानो रस्त्यावर १८९६ मध्ये बांधलेले सेंट अँड्र्यूज चर्च उभे आहे. ७१ व्या पलटणीची निशाणे ठेवलेले सांतो डोमिंगो त्याच रस्त्यावर, चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे.

'सिमेट्री'वरून आलेल्यांत विल्यम ग्रिअर्सन नावाचा एक शेतकरी होता. त्याची नात सेसिलिया ग्रिअर्सन १८८९ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवणारी आर्जेंटिनातली पहिली स्त्री ठरली. तीनच वर्षांपूर्वी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन निघाल्या होत्या. आनंदीबाईंना आयुष्य मिळाले नाही. सेसिलियाबाईंना ७४ वर्षांचे मिळाले, आणि त्यात त्यांनी परिचारिकांची शाळा काढली व स्त्रियांच्या हक्कांसाठी काम केले. २०२३ मध्ये आर्जेंटिनाने दोन हजार पेसोची नवी नोट काढली, तिच्यावर दोघांची चित्रे आहेत आणि त्यांतल्या एक सेसिलियाबाई आहेत.

फुटबॉल इंग्रजांनी नेला की स्कॉटिशांनी?

खेळाचे नियम इंग्लंडमध्ये ठरले, हे खरे. पण आर्जेंटिनात त्याला शिस्त लावली ती ग्लासगोत जन्मलेल्या एका मास्तराने. अलेक्झांडर वॉटसन हटन १८८२ मध्ये सेंट अँड्र्यूज शाळेचा मुख्याध्यापक म्हणून आला. खेळाला मैदान आणि व्यायामशाळा हवीच, या त्याच्या हट्टावरून व्यवस्थापनाशी बिनसले, म्हणून १८८४ मध्ये त्याने स्वतःची शाळा काढली. १८९१ च्या पहिल्या लीगमध्ये सेंट अँड्र्यूजचा संघ अजिंक्य ठरला, आणि १८९३ मध्ये हटनने जी संघटना उभी केली, तिच्यातूनच आजची आर्जेंटिनी फुटबॉल संघटना आली. त्याच्या माजी विद्यार्थ्यांच्या 'अलुम्नी' संघाने १९०० ते १९११ या काळात दहा अजिंक्यपदे पटकावली. वर उल्लेख केलेला होर्हे ब्राऊन या संघाचा कर्णधार होता आणि त्याचे अनेक भाऊही खेळत. त्यांचे पूर्वज १८२५ मध्ये आले होते.

१९०५ मध्ये चहावाले सर थॉमस लिप्टन यांनी, तेही ग्लासगोचेच, आर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्यातल्या सामन्यासाठी चषक दिला आणि अट घातली की खेळाडू त्या देशात जन्मलेलेच असावेत. ब्राऊन बंधूंना ही अट आड आली नाही, कारण आर्जेंटिनाच्या कायद्याप्रमाणे त्या भूमीवर जन्मलेले मूल आपोआप नागरिक होते, बापाचा पासपोर्ट कोणताही असो. घरात पॉरिज आणि बायबल, मैदानावर आर्जेंटिनाचे पट्टे, अशी एक पिढी एव्हाना तयार झाली होती.

पॅटागोनियात काय घडले?

आतापर्यंतची कथा ऐकायला बरी वाटते. पण दक्षिणेकडची तशी नाही. पॅटागोनिया म्हणजे खंडाच्या शेवटाकडचा वारा आणि खुरट्या झुडपांचा प्रदेश. तिथे आलेले स्कॉटिश लोक मोंते ग्रांदेच्या शेतकऱ्यांपेक्षा वेगळे होते. ते मुख्यतः हायलँड्समधले, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले, आणि लुईस बेटावरचे मेंढपाळ होते. त्यांच्यातले बरेच गेलिक बोलणारे होते आणि काही आधी समोरच्या समुद्रातल्या, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर काम करून आलेले होते. फॉकलंडची कुरणे भरली, तेव्हा १८८० च्या दशकात सांता क्रूझचा गव्हर्नर मोयानो याने तिथल्या मेंढपाळांना समोरच्या किनाऱ्यावर जमिनी देऊ केल्या. माणसे, मेंढ्या आणि कोली कुत्रे मॅगेलन सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवर पसरले, आणि काही वर्षांत लोकरीचे डोंगर युरोपात जाऊ लागले.

जमीन मोकळी नव्हती. तिएरा देल फुएगो बेटावर सेल्कनाम लोक हजारो वर्षे ग्वानाकोची, म्हणजे उंटाच्या कुळातल्या रानटी जनावराची शिकार करून जगत. कुंपणे पडली, ग्वानाको हटले आणि त्यांच्या जागी आलेल्या मेंढ्यांना सेल्कनाम 'पांढरे ग्वानाको' म्हणून मारू लागले. मेंढीमालकांनी याला चोरी ठरवले आणि माणसांची शिकार सुरू केली. मारलेल्या माणसामागे बक्षिसे दिली गेली. होसे मेनेंदेझ या बड्या स्पॅनिश मालकाच्या एस्तान्सियाचा व्यवस्थापक अलेक्झांडर मॅक्लेनन स्कॉटिश होता. 'लाल डुक्कर' या टोपणनावाने तो ओळखला जाई आणि या हत्याकांडातल्या सर्वांत कुप्रसिद्ध नावांपैकी त्याचे एक आहे. १८८० च्या सुमारास सुमारे चार हजार असलेले सेल्कनाम १९३० पर्यंत शंभरावर आले. रोगांनी आणि मिशनमधल्या कोंडवाड्यांनीही बळी घेतले, हे खरे असले तरी बंदुकांचा वाटा त्यामुळे कमी होत नाही.

यावर एक बचाव नेहमी मांडला जातो: हे मेंढपाळ स्वतः गरीब होते, त्यांच्याच आजोबांना हायलँड्समधल्या जमीनदारांनी मेंढ्यांना जागा करण्यासाठी झोपड्यांतून हाकलले होते. यातली वस्तुस्थिती खरी आहे. मेंढ्यांसाठी माणसे हलवण्याची रीत त्यांना घरूनच माहीत होती. पण ज्याने सोसले तो दुसऱ्याला सोसायला लावणार नाही, असा काही नियम नसतो, आणि आपल्या बाजूचे गरीब व समोरचे उघडे यांच्यात बंदूक कोणाच्या हाती होती, हा प्रश्न उरतोच. २०२३ मध्ये, बेटाचा काही भाग ज्याच्याकडे आहे त्या चिलीने सेल्कनामांना जिवंत आदिवासी समाज म्हणून कायदेशीर मान्यता दिली, त्यामुळे 'ते नामशेष झाले' हे पुस्तकी वाक्य आता खोडावे लागते.

आज हे लोक किती आणि कुठे आहेत?

सुमारे एक लाख असा आकडा सर्रास दिला जातो आणि इंग्रजी बोलणाऱ्या देशांबाहेर ही संख्या सर्वांत मोठी आहे, असेही सांगितले जाते. या आकड्याकडे अंदाज म्हणूनच पाहावे, कारण आर्जेंटिनाची जनगणना युरोपीय वंश विचारत नाही. शिवाय १८२५ मध्ये आलेल्याचा आजचा वंशज साधारण सातव्या पिढीतला आहे. सात पिढ्या मागे प्रत्येकाला १२८ पूर्वज असतात. त्यांतला एकच 'सिमेट्री'वरून उतरलेला असेल आणि बाकीचे इटालियन, बास्क, स्पॅनिश असतील, तर त्या माणसाला स्कॉटिश म्हणायचे का? आडनाव बापाकडून आले असेल तर तो स्वतः हो म्हणेल. आईच्या आईकडून तो धागा आला असेल, तर कदाचित त्याला पत्ताही नसेल. गेलिक आणि स्कॉटलंडमधली इंग्रजीच्या जवळची स्कॉट्स बोली, दोन्ही विरल्या. बॅगपाइपचे बँड, सेंट अँड्र्यूचा दिवस आणि शाळेचा गणवेश एवढे उरले.

१९८२ मध्ये आर्जेंटिनाने फॉकलंड बेटांवर, तिथल्या भाषेत माल्विनासवर, सैन्य उतरवले आणि ब्रिटनशी युद्ध झाले. ब्रिटिश वंशाची काही मुलेही सक्तीच्या भरतीतून आर्जेंटिनाकडून लढायला गेली, आणि त्यांच्या आजीआजोबांच्या घरात मात्र राणीचे छायाचित्र टांगलेले असू शकत होते. युद्धानंतर ब्युनोस आयर्सच्या रेतिरो स्थानकासमोरच्या ब्रिटिश चौकाला आर्जेंटिनाच्या वायुदलाचे नाव दिले गेले. चौकातला घड्याळाचा उंच मनोरा तिथल्या ब्रिटिश रहिवाशांनी देशाच्या स्वातंत्र्यलढ्याच्या शताब्दीनिमित्त भेट दिला होता. त्याचे 'तोर्रे दे लोस इंग्लेसेस', म्हणजे 'इंग्रजांचा मनोरा', हे नाव बदलून 'स्मारक मनोरा' केले गेले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. मनोऱ्याच्या दर्शनी भागावर इंग्लंडच्या गुलाबाशेजारी एक काटेरी फूल कोरलेले आहे. आपल्याकडच्या उटकटारीच्या जवळचे ते थिसल, म्हणजे स्कॉटलंडचे चिन्ह.